चार बोटांची फट

धाकटी दोन वर्षांची झाली तरी माझं पोट सातवा महिना असल्यासारखं पुढे होतं. खुर्सीपारच्या बाजारात भाजीवाली विचारायची, "कौन सा महीना चल रहा है, दीदी?" सुरुवातीला मी खरं सांगून टाकायचे. मग तिचा चेहरा पडायचा, आणि वर तिची समजूतही मीच घालायचे. शेवटी मी त्या बाजारात जाणंच सोडलं. ओढणी मात्र सुटली नाही. घरातसुद्धा, उन्हाळ्यातसुद्धा, मी ती पोटावरून पसरून घ्यायचे.

दोन बाळंतपणांत पोटाचे मधले दोन स्नायू एकमेकांपासून दूर सरकले होते आणि परत जागेवर आलेच नव्हते. पलंगावरून उठताना पोटाच्या मधोमध तंबूसारखा उंचवटा यायचा. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा त्यांची चार बोटं त्या फटीत बसली. मी छताकडे बघत राहिले. आधी व्यायाम झाले. श्वास सोडत पोट आत घ्यायचं, एकेक टाच उचलायची, हे सगळं मी महिनोन् महिने इमानदारीनं केलं. कंबरदुखी थोडी कमी झाली, फट तेवढीच राहिली. धाकटीला कडेवर घेतलं की पाठ मोडायची, आणि शिंक आली की मी आधी बाथरूम किती लांब आहे ते बघायचे. हे मी कोणाजवळ बोलत नव्हते. नवऱ्याजवळही नाही.

ऑपरेशन ठरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पोट तर साऱ्याच बायांचं सुटते. त्याच्यासाठी कोणी चिरफाड करून घेते का?" मला राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली, कारण आतून मलाही तसंच वाटत होतं. दिसण्यासाठी पैसे उधळणारी बाई, असं लोक म्हणतील. त्यामुळे मी दवाखान्यात भरती झाले तेव्हा सासूबाईंनी आमच्या क्वार्टरांच्या स्ट्रीटवर एवढंच सांगितलं, "पोटाचं ऑपरेशन आहे." ते मोघम बोलणं मला सोयीचंच वाटलं.

समोरच्या क्वार्टरमध्ये दीड-दोन महिन्यांपूर्वी एक काकू राहायला आल्या होत्या. वर्ध्याकडच्या, माझ्या आईच्या वयाच्या. घरात त्या आणि काका, दोघंच. आमच्या अख्ख्या रुआबांधा वस्तीत मला कधीच महिना न विचारणारी ही एकटीच बाई, म्हणून मी त्यांच्यावर जीव टाकायचे. मी बादली उचलली की त्या धावत येऊन ती हातातून घ्यायच्या. कैरीचं लोणचं पाठवायच्या. एकदा ग्रहणाच्या दिवशी तर माझ्यासमोरची विळीच उचलून घेऊन गेल्या. "आज काही चिरू नको, भाजी माह्या घरून येईल," म्हणाल्या. मला वाटलं, जुन्या वळणाच्या आहेत.

ऑपरेशननंतर घरी आले तेव्हा पोटाला पट्टा होता आणि खोकताना उशी पोटाशी दाबून धरावी लागत होती. काकू डिंकाचे लाडू घेऊन आल्या. सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या. काकूंनी माझ्या पोटाकडे पाहिलं. ते आता सपाट होतं, आणि मला वाटलं, त्या काहीतरी चांगलं बोलतील. त्यांनी माझा हात धरला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"रडून घे बाई. मनात ठेवू नको," त्या हळूच म्हणाल्या. "माहे बी दोन गेले होते, सातव्या महिन्यातच. सासू म्हणे, बोलायचं नाही, म्हणून बोलली नाही मी. आजपोवतर कोणालेच सांगतलं नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बादली, लोणचं, विळी, सगळं काही. त्यांनी महिना विचारला नव्हता, कारण मला दिवस गेलेत याची त्यांना खात्रीच होती.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. खरं सांगावं, तर या बाईनं जन्मभर दाबून ठेवलेलं दुःख माझ्यासाठी उघडलं, आणि ते एका सुटलेल्या पोटासाठी, हे तिला कळणार. न सांगावं, तर नसलेल्या लेकरासाठी मी तिच्याकडून सांत्वन करून घेणार. आतून कपबशांचा आवाज येत होता. सासूबाई बाहेर आल्या असत्या तर त्यांनीच काहीतरी फटकन सांगून टाकलं असतं.

"काकू," मी म्हटलं, "लेकरू नव्हतंच. पोटच तसं होतं माहं, दोन वर्षांपासून. आतले स्नायू सरकले होते, ते शिवले."

त्यांनी हात सोडला नाही. भाजीवालीचा पडायचा तसा यांचाही चेहरा पडेल म्हणून मी मान खाली घातली.

"म्हणजे कोणी गेलं नाही?"

"नाही."

"मंग बरं झालं बाई," काकू म्हणाल्या, त्यांनी पदरानं डोळे पुसले, आणि त्या पुन्हा रडायला लागल्या.