पुढच्या एक्सलचे दात

माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, एका सरकारी कचेरीत तीस वर्षं जीप चालवत होते. फक्त चालवत होते. बॉनेट उघडायला कचेरीचा मिस्त्री होता आणि तो मामांना जवळ उभंही राहू द्यायचा नाही. "तुमचं काम स्टिअरिंगपुरतं," असं तो एकदा म्हणाला होता. ते वाक्य मामांना निवृत्तीपर्यंत टोचत राहिलं. निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी एक जुनी फोर-व्हील जीप दारात आणून उभी केली आणि सांगितलं, "हिला मिस्त्रीचा हात लागणार न्हाय."

आमचं गाव परंड्याजवळ. शेताची वाट काळ्या मातीची. ओली झाली की चप्पल तिथंच सोडून माणूस पुढं जातो. त्यामुळं चारही चाकं ओढणारी गाडी हवी, हे मामांचं म्हणणं बरोबरच होतं. पण फोर-व्हील टाकलं की पुढच्या दोन चाकांमधल्या एक्सलमधून जात्यात खडे पडल्यासारखा आवाज यायचा. मामांनी झाकण खोललं, तर आतल्या मोठ्या दातेरी चाकाचे, म्हणजे क्राउनचे, तीन दात पडलेले. मग मुरूम गावाच्या बाजूच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी अख्खा पुढचा एक्सलच आणला. "तीच भोकं, तेच बोल्ट," ते खुशीत म्हणाले.

मी हायस्कूलात गणित शिकवते. शाळेला सुट्टी होती, म्हणून मला टॉर्च धरायचं काम मिळालं. मामा जीपखाली आडवे, मी बाजूला उकिडवी. त्यांनी फोनवर एका परदेशी माणसाचा व्हिडिओ लावून ठेवला होता. त्याची भाषा आम्हा दोघांनाही कळत नव्हती.

"मामा, काय म्हणतोय तो?"

"तोंडाकडं नको बघू, हाताकडं बघ."

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या दुपारी भाकरीचं पीठ मळायला परात शोधत बाहेर आल्या, तर परातीत रॉकेल आणि रॉकेलात बेरिंगं. घरात जाऊन त्यांनी खिचडी टाकली. चार दिवस खिचडीच होती.

एक्सल बसला. बोल्ट एकही उरला नाही, याचं मामांना फार कौतुक. देवीच्या दर्शनाला जीपनंच तुळजापूरला जायचं ठरलं. आधी शेतातून झेंडूची फुलं घ्यायची होती. आदल्या दिवशी पाऊस झालेला. मामांनी फोर-व्हीलचा दांडा पुढं ढकलला आणि जीप त्या चिखलातून अशी निघाली, की मागं बसलेल्या आत्याही "अगं बाई!" म्हणाल्या. मामांची मान ताठ झाली.

डांबरी लागल्यावर दांडा परत मागं ओढायचा होता. तो येईना. मामांनी जोर लावला, मी जोर लावला. दांडा जागचा हलेना आणि जीप जड होत चालली. मग तिनं उडी मारली. पुन्हा चार हात गेली, पुन्हा उडी. टायर किंचाळायला लागले.

"नवीन पार्ट हाय," मामा म्हणाले. "रुळंल."

आम्ही अशा उड्या मारत परंड्याच्या बाजारात पोचलो आणि नेमक्या चौकात जीप रुतल्यासारखी उभी राहिली. मागं कुर्डुवाडीची बस. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, कंडक्टर खाली उतरला. चहाच्या टपरीवरचे एक म्हातारे आजोबा बसल्या जागेवरून ओरडले, "फोर-व्हील अडकलंय व्हय? जरा मागं घ्या, सुटंल!"

मामांनी रिव्हर्स टाकला. जीप चार हात मागं गेली, मऊ झाली आणि दांडा ओढायच्या आत उलट्या बाजूनं पुन्हा आवळली. आता पुढं. पुन्हा मऊ, पुन्हा आवळली. पुढं, मागं, पुढं, मागं. बसमधली माणसं खिडकीतून डोकी काढून सल्ले देऊ लागली. "बाई, तुम्ही वढा! त्यांचं पायाकडं ध्यान हाय!" कंडक्टर मला म्हणाला. मी दोन्ही हातांनी दांडा धरला. सहाव्या का सातव्या झोक्याला तो खाडकन सुटला आणि मी मागं आत्यांच्या मांडीत, झेंडूच्या टोपलीवर पडले.

आत्यांनी माझ्या पाठीची फुलं झटकली, उरलेली पदरात घेतली आणि खाली उतरल्या. "मी देवीला बसनं जाते," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं खेळा झोके." आणि खरोखरच स्टँडकडं गेल्या.

परतीच्या वाटेवर मामांनी दांड्याला हातही लावला नाही. पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतायत, एवढं मला कळत होतं. का, ते कळत नव्हतं. घरी आल्यावर मी टायरवर आणि खाली पुढच्या आणि मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या दोन्ही शाफ्टांवर खडूनं खुणा केल्या. शेजारच्या दोघी जावांना बोलावलं. त्यांनी आणि मामांनी जीप ढकलली, मी खाली वाकून फेरे मोजले. चाकाचा एक फेरा झाला, तेव्हा मागचा शाफ्ट पाचाला जरा कमी फिरला. पुढचा पाच फेरे पुरे करून आणखी थोडा. फोर-व्हील टाकलं की दोन्ही शाफ्टांना सारखंच फिरावं लागतं; चिखलात चाकं घसरून हा फरक भागवत होती, डांबरीवर ते जमत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची झाकणं खोलली. मागच्या क्राउनला एकोणचाळीस दात, पुढच्याला त्रेचाळीस. आत फिरणारं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, दोन्हीकडं आठ दातांचंच. मी दोनदा मोजले, मामांनी बोटानं ग्रीस पुसत तिसऱ्यांदा मोजले.

"चार दात जास्त हायत," ते हळूच म्हणाले. मग हात पुसत म्हणाले, "मिस्त्रीनं आधी मोजलं असतं गं."

"मामा, आपण पण मोजलं की."

आठवड्यानं आम्ही दोघं पुन्हा भंगारवाल्याकडं गेलो. त्यानं "हे घ्या, एकदम शेम" म्हणून एक क्राउन पुढं केला. मामांनी तो न बघता माझ्याकडं दिला. मी पदर खोचून खाली बसले आणि एकेका दातावर खडूची खूण करत मोजू लागले. भोवती आठ-दहा माणसं गोळा झाली. त्रेचाळीस. दुसरा बघा, म्हटलं. चौथ्याला एकोणचाळीस भरले. बरोबरचा पिनियनही मोजून घेतला, मगच उठले. भंगारवाल्यानं मामांना विचारलं, "ह्या बाई कोन, इंजिनेर हायत का?"

"आमच्या सूनबाई," मामा म्हणाले. "आमी न्हाय मोजत. त्या मोजतात."

ती जोडी बसवायला तीन दिवस गेले. या वेळी परात आत्यांनी कुलपात ठेवली होती, म्हणून मामांनी स्वतःची आंघोळीची बादली काढली. जीप आता चिखलातही चालते आणि डांबरीवर दांडा एका बोटानं सुटतो. परवा शेताच्या वाटेवर मामांनी मधेच गाडी थांबवली, खाली उतरले आणि पलीकडच्या बाजूनं येऊन माझ्या दाराशी उभे राहिले.

"सरक तिकडं," ते म्हणाले. "स्टिअरिंग धर. दात मोजायला येतात, तर चालवायला पण येईल."

मी पहिल्याच झटक्यात इंजिन बंद पाडलं. मामांनी खिशातून टॉर्च काढली आणि भर दुपारी माझ्या पायाखालच्या क्लचवर धरली.