पाटीवर न्हाई, गेटवर व्हय

आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये दोन गोष्टी साचतात. पंख्यावर धूळ आणि आमच्यात किस्से. धूळ गॅदरिंगच्या आधी एकदा तरी पुसली जाते. किस्से कोणी पुसत नाही, उलट सानिका दर वेळी त्यात थोडी भर घालते. म्हणून जसे घडले तसे लिहून ठेवते आहे. मी प्रत्येक वेळी तिथं होते. मी बोलत नाही, त्यामुळं मी होते हे कोणाच्या लक्षात राहत नाही, एवढंच.

आम्ही तिघी दहावीत आहोत. सानिका, मुबीना आणि मी. उंब्रजमध्ये कोणीही फोनवर आमच्या शाळेची साइट उघडली की वेळापत्रक आणि सूचना दिसतात. त्या पुरवणारा वेब सर्व्हर म्हणजे लॅबमधला एक जुना कॉम्प्युटर. तो आम्ही सांभाळतो आणि लॅबची किल्ली आमच्याकडं असते. माझ्या घरी कॉम्प्युटर नाही. ती किल्ली माझ्यासाठी काय आहे, ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

हेडसर पहिल्यांदा बघायला आले तेव्हा म्हणाले, "सर्व्हर कुठं हाय?"

सानिकानं टेबलाखाली बोट दाखवलं.

"ह्यो? मला वाटलं, ह्याला एसी लागतो."

"लागतो की सर. शाळेनं दिला न्हाई."

*

सर्व्हर सुरू होताना आधी एक फाइल वाचतो. शाळेचं नाव काय, साइट चालू ठेवायची का, पासवर्ड कोणता, असं सगळं त्यात एकेका ओळीत लिहायचं. डावीकडं प्रश्न, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडं उत्तर. तिला प्रॉपर्टी फाइल म्हणतात.

आम्ही त्यात शाळेचं नाव छान मराठीत लिहिलं. साइट उघडली तर नावाच्या जागी टोप्या घातलेले 'ए', उलटे स्वल्पविराम आणि कसलीतरी नाणी.

हेडसर म्हणाले, "ही कुठली शाळा?"

सानिका म्हणाली, "आपलीच शाखा, सर. परदेशातली."

त्या फाइलीला मराठी अक्षरं कळत नव्हती. माने सर, म्हणजे आम्हाला कॉम्प्युटर आणि खो-खो दोन्ही शिकवणारे, म्हणाले, "इंग्रजीत लिवून टाका, चालतंय."

मला ते चालत नव्हतं. प्रत्येक मराठी अक्षराला एक आकड्यांचा कोड असतो. मी घरी बसून आमच्या शाळेचं अख्खं नाव वहीत कोडमध्ये लिहिलं, काना-मात्रेसकट. पप्पा फौजेतून सुट्टीवर आले होते. मागून वाकून बघत म्हणाले, "कुणाला पाठवतीस गं हे? आमच्याकडं असलं सापडलं तर पोराला आत घेत्यात."

दुसऱ्या दिवशी साइटवर शाळेचं नाव मराठीत दिसलं. हेडसर म्हणाले, "आता बरोबर." कोणी केलं, ते त्यांनी विचारलं नाही.

*

साइट चालू ठेवायची का, या प्रश्नापुढं इंग्रजीत 'ट्रू' किंवा 'फॉल्स' लिहायचं असतं. सानिकानं घाईत इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'व्हय'.

सर्व्हर सुरूच होईना. स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं की 'व्हय' हे उत्तर चालत नाही.

सानिका खुर्ची मागं ढकलून उठली. "मराठीच्या पेपरात व्हय लिवलं की मार्क कापत्यात. वक्तृत्वाला व्हय म्हणलं की समोरचे हसत्यात. आता ही पेटी बी आमाला शिकवणार?"

माने सर म्हणाले, "अगं, एक शब्द बदल आन् मोकळी हो."

"मी न्हाई बदलत. त्येला बदला."

सरांना वाटलं गंमत चालली आहे. पण मुबीना आणि मी वही उघडून बसलो होतो. शेवटी त्यांनीच दाखवलं की सर्व्हरला नवा शब्द शिकवता येतो, थोड्याच ओळींचं काम असतं. आम्ही त्याला 'व्हय' आणि 'न्हाई' शिकवलं. 'ट्रू' आणि 'फॉल्स' काढून टाकले. ते काढायची गरज नव्हती, असं सर म्हणाले. होती.

साइट बंद असताना दिसणारं पानही आम्ही लिहिलं. त्यावर मोठ्या अक्षरांत एकच ओळ होती, 'साइट बंद हाय.'

*

एकदा पासवर्ड लागेना. मुबीनाचं अक्षर शाळेत सगळ्यात सुंदर आहे आणि टायपिंगही ती तसंच करते, शब्द संपला की जागा सोडून. पासवर्ड आम्ही एकेक अक्षर बोट ठेवून तपासला. बरोबर होता. तरी सर्व्हर म्हणे, चूक.

माने सरांनी कर्सर ओळीच्या अगदी शेवटी नेला. पासवर्डच्या पुढं एक मोकळी जागा राहिली होती. ती फाइल शेवटची मोकळी जागाही उत्तरातच धरते.

सर म्हणाले, "दिसत न्हाई, पर हाय. आन् हाय म्हणून सगळं अडलंय."

मुबीनानं माझ्याकडं बघितलं. "हिच्यागत."

*

हा किस्सा मात्र आमच्या अंगाशी आला. तेव्हा सूचना टाकायचा पासवर्ड प्रॉपर्टी फाइलीत लिहिलेला होता आणि सर्व्हरचं अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवरून कोणीही न्यायचं. एका शुक्रवारी साइटवर सूचना आली, 'उद्या शाळेला सुट्टी.'

शनिवारी प्रार्थनेला हेडसर, शिक्षक आणि ज्यांच्या घरी इंटरनेट नाही अशी मोजकी मुलं होती. त्यांत मी होते.

सूचना कोणी टाकली ते कळलं नाही. सोमवारी हेडसरांनी किल्ली मागून घेतली. "सांगलीच्या कंपनीला काम द्यायचं बघतोय. शाळा समितीच्या बैठकीत त्यांचे साहेब येतील, फोल्डर घेतील आणि त्यांच्या लॅपटॉपवर साइट चालवून दाखवतील. चालली की काम त्यांचं. तुमी पोरींनी दहावीचा अभ्यास करा."

सानिका म्हणाली, "आन् न्हाई चालली तर?"

"तर किल्ली तुमची. पर चालंल. शिकलेली माणसं हायत ती."

*

किल्ली गेली, पण माने सरांच्या तासाला लॅब उघडायची. सर म्हणाले, "पासवर्ड फाइलीत ठेवला, तिथं चुकलं. आता सांगा, शाळेच्या पाटीवर काय लिवलंय? शाळा अकराला. आन् गेटवर शिपाई तात्या म्हणाले, आज सकाळची हाय, पळा, तर तुमी काय करता?"

"पळतो," मुबीना म्हणाली.

"पाटी दावत बसत न्हाई?"

"तात्यांना?" सानिका म्हणाली. "कोन दावंल?"

"मग झालं. फाइल म्हंजे पाटी. ज्या मशीनवर सर्व्हर चालतो, त्या मशीनला, म्हंजे आपल्या ह्या कॉम्प्युटरला, बी काही गोष्टी वेगळ्या सांगून ठेवता येतात. त्यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. ते म्हंजे गेट. पाटीवर काय बी असू दे, गेटवरचं खरं. आन् फोल्डर कुणी नेलं तर पाटी जाती. गेट जात न्हाई."

त्याच तासाला आम्ही फाइलीतून पासवर्ड काढला आणि मशीनला सांगितला. साइट चालू ठेवायची का, यापुढं फाइलीत लिहिलं 'न्हाई'. आणि मशीनला सांगितलं 'व्हय'. टाइप मी केलं.

*

बैठकीला समितीची माणसं होती, टेबलावर किल्ली होती आणि कंपनीचे साहेब होते. साहेबांनी पेन ड्राइव्ह लावला. "पाच मिनिटांचं काम आहे," ते म्हणाले आणि लॅपटॉप सगळ्यांकडं वळवला.

स्क्रीनवर आलं, 'साइट बंद हाय.'

समितीतले एक आजोबा मोठ्यानं वाचून म्हणाले, "बंद हाय म्हणतंय."

साहेबांनी फाइल उघडली. "हे बघा, काय लिहिलंय. न्हाई! ही काय भाषा झाली?" त्यांनी ते पुसून 'ट्रू' लिहिलं. सर्व्हर सुरूच झाला नाही. 'ट्रू' समजत नाही, असं लाल अक्षरांत आलं. त्यांनी 'येस' लिहिलं. तेही नाही.

सानिका गोड आवाजात म्हणाली, "आवं सर, मराठीत लिवा की."

"असलं मी लिहीत नसतो," साहेब म्हणाले. एकच शब्द लिहायचा होता. त्यांनी फाइल पुन्हा होती तशी केली आणि लॅपटॉप मिटायला घेतला. "मुळात ही साइट चालतच नाही. फाइलीतच बंद आहे."

हेडसरांनी खिशातून फोन काढला. "चालती की. हे बघा, आजचं वेळापत्रक."

साहेबांनी फोन बघितला, लॅपटॉप बघितला. "फाइल तीच आहे. फाइलीत 'नाही' असं लिहिलंय. मग तुमची चालू कशी?"

हेडसरांनी माने सरांकडं बघितलं. माने सरांनी आमच्याकडं बघितलं. सानिका तोंड उघडणार होती, पण मुबीनानं तिचा हात दाबला आणि माझ्याकडं बघत राहिली. मग सगळेच माझ्याकडं बघायला लागले.

मी म्हणाले, "गेटवर इचारा, सर."

हेडसर उठले, खिडकीशी गेले आणि खाली गेटाकडं बघून त्यांनी हाक मारली.

"तात्या, चालू हाय का?"

तात्यांनी मान वर केली. हातातली तंबाखू तशीच धरून त्यांनी शाळेकडं एकदा बघितलं.

"व्हय."