ताके मोजणारे जयंतीभाई आणि माझी भाड्याची मोटार

नेपाळ हा परदेश आहे, हे डिंडोलीतल्या आमच्या गल्लीला मी शेवटपर्यंत पटवू शकलो नाही. पासपोर्ट लागत नाही तो कसला परदेश, असं सगळ्यांचं म्हणणं. मी मात्र परदेशी निघालेल्या माणसासारखाच वागलो, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

दिवाळीत मिला बंद झाल्या की जयंतीभाई यात्रेची बस काढायचे. एरवी ते पांडेसऱ्यात आमच्याच मिलमध्ये (मी तिथे डाइंगला, म्हणजे कापड रंगवायच्या खात्यात, सुपरवायझर) कापडाचे ताके मोजून ट्रक भरत. त्या वर्षी बस काठमांडूला निघाली. सोबत स्वयंपाकाला महाराज, गळ्यात शिट्टी घातलेले जयंतीभाई, आणि निम्म्या बसमध्ये आमच्यासारख्याच पोटासाठी गुजराती मुलखात आलेल्या खानदेशातल्या बाया. माझ्या आईला पशुपतिनाथाच्या दर्शनाची कधीपासूनची आस. ती आधीच पिशवी भरून बसलेली.

"शिट्टीवर उठायचं आणि शिट्टीवर बसायचं, आपण काय मेंढरं आहोत?" मी म्हणालो. "आपण रेल्वेने जाऊ आणि तिकडे मोटार भाड्याने घेऊ. वाटेल तिथे थांबू."

"माले बसमाच जावानं शे," आई म्हणाली. "तुन्ही मोटारमा माले बोलाले कोन शे?"

"मी शे ना."

आईने माझ्या बायकोकडे, सुनंदाकडे, पाहिलं. सुनंदाने छताकडे पाहिलं. ठरलं, मोटारच!

काठमांडूत मोटार मिळाली, कृष्णजी नावाचा शांत ड्रायव्हर मिळाला, आणि मी वाटेल तिथे थांबू लागलो. इतका थांबलो की शेवटचा दिवस उजाडला तरी पशुपतिनाथ राहिलेच होते. "संध्याकाळी निवांत जाऊ, मोटार आहे ना हाताशी," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी पहाटे परत निघायचं होतं. आईने नुसती पिशवी आवरून ठेवली. (तिने बोलायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.)

सकाळी स्वयंभूनाथाच्या पायथ्याशी आमच्याच डिंडोलीची बस उभी. महाराज मेथीचे गोटे तळत होते. आई मोटारीत बसून वास घेत होती. मी आणि सुनंदा कॅमेऱ्याचा रोल आणायला गेलो, कृष्णजी चहाला. परत आलो तेव्हा आई मागच्या सीटवर डोक्यापासून पायापर्यंत शाल ओढून झोपली होती. बस निघून गेली होती.

"बघ, कशी सुखाने झोपली आहे," मी सुनंदाला हळूच म्हणालो. "बसमध्ये मिळाली असती का अशी झोप?"

भक्तपूरच्या वाटेवर आई खोकली. खोकला बिडीचा होता.

मी शाल ओढली. आत आमच्या गल्लीतले शांतारामअप्पा. बसमधले!

"अप्पा, तुम्ही? आई कुठंय?"

"बसमा," अप्पा डोळे चोळत म्हणाले. "ती बोलनी, माले बायासमा बसू दे, तू मोटारमा झोप. चहा व्हयना का?"

बस निघण्याआधी जयंतीभाईंनी माणसं मोजली होतीच. पण ते ताके मोजतात तशी मोजली: वरून हात फिरवत, रंग न बघता. आकडा बरोबर भरला आणि शिट्टी वाजली.

मग आमची मोटार पळू लागली. भक्तपूरला चौकशी केली, तर "बस? अभी गया, साब." पाटणलाही तेच. मधे मी म्हणालो, इथे तरी क्षणभर देऊळ बघू, तर सुनंदा म्हणाली, "आधी सासूबाई बघा."

"बसमा आज कढी-खिचडी व्हती," अप्पा म्हणाले. "मोटारमा जेवन नही का?"

एका चढावर बस अखेर समोर दिसली. मागच्या काचेतून आई हात हलवत होती. मी जिवाच्या आकांताने हॉर्न वाजवायला लावला. तिने आणखी दोन बायांना बोलावून माझ्याकडे बोट दाखवलं. तिघींनी हात हलवले. आमच्यापुढे भाजीचा ट्रक आला आणि बस पुन्हा गेली.

बसचा माग विचारत रात्री पशुपतिनाथाला पोचलो तेव्हा देवळाचं दार लागलं होतं. पायऱ्यांवर आई बसली होती. कपाळाला गंध, हातात प्रसाद. बसच्या यात्रेकरूंचा पशुपती पहिल्याच दिवशी झाला होता. पण आईचा राहिलाय म्हटल्यावर बायांनी जयंतीभाईंची शिट्टीच काढून घेतली आणि बस इकडे वळवली. म्हणजे वाटेल तिथे थांबली ती बसच!

"आई, मी दिवसभर शोधतोय तुला."

"शोधस? माले वाटनं, बसले सोबत करी राहिना." तिने प्रसाद माझ्या हातावर ठेवला. "तुना वाटानं बी हात जोडी लिनात. पण मोटार चांगली शे हं तुन्ही. दिवसभर आमना मांगेमांगे पयनी."

पुढच्या दिवाळीला जयंतीभाईंच्या बसमध्ये सगळ्यात आधी नाव घातलं ते मी. त्यांनी आईला ड्रायव्हरमागची खिडकी दिली, आणि मला सगळ्यात शेवटचं बाक.

"जयंतीभाई, एवढं मागे?"

"पाटीलभाई," ते म्हणाले, "बसनो पाछळनो भाग तमारा जेटलो कोणे जोयो छे?"

खरंच, बसची पाठ माझ्याइतकी कुणी पाहिली होती! मी शेवटच्या बाकावर बसलो. काचेतून मागे पाहिलं. मागे कुणाची भाड्याची मोटार नव्हती, याचं मला जरा वाईटच वाटलं.