चार दारांसाठी

आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा मी वस्तीत पेढे वाटले होते. आज ते आठवलं की स्वतःचीच चीड येते.

मी तेव्हा भिवंडीतल्या एका संस्थेसाठी वस्तीत काम करायचे. माझं माहेर अकलोलीच्या पलीकडचं, नवरा राहनाळच्या गोदामात माल चढवायचा-उतरवायचा. दहावी शिकलेली म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडे. माझ्या जोडीला आपा होत्या. उत्तर प्रदेशातून लग्न होऊन आलेल्या, पन्नाशीच्या, घरी बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरायच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कुणाच्या पोरीची शाळा सुटली, कोण अंथरुणाला खिळलं, हे त्यांना माझ्या आधी कळायचं.

वस्तीतल्या सार्वजनिक संडासात बायकांसाठी चार खोल्या होत्या. दार एकालाही नव्हतं. एक आत बसायची, दुसरी बाहेर ओढणी ताणून उभी. शिफ्ट सुटली की पुरुष तिथूनच जायचे, आणि काही जण मुद्दाम बिडी पेटवायला तिथेच थांबायचे. मोठ्या पोरींनी दिवसा पाणी पिणं सोडलं होतं.

म्हणून आमच्या वॉर्डातून एक बाई उभी राहिली, तेव्हा आम्ही दोघी तिच्यासाठी घरोघर फिरलो. संस्थेने राजकारणात पडू नका म्हणून बजावलं होतं, तरी पडलो. ‘बाई आहे, तिला वेगळं समजवावं लागणार नाही,’ असं मी प्रत्येक उंबऱ्यावर म्हणत होते. ती निवडून आली. मिरवणुकीत गुलाल तिच्या नवऱ्याच्या डोक्यावर, हार नवऱ्याच्या गळ्यात. ती मागच्या गाडीत काचा लावून बसली होती.

पहिल्यांदा ऑफिसात गेलो तर तिच्या नावाच्या पाटीमागे तोच बसलेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटाबोटांत अंगठ्या. गावची जमीन गोदामांना दिल्यापासून त्याला दुसरं काही करावं लागत नव्हतं.

“बोला, काय काम हाय?”

“मॅडमना भेटायचंय.”

“मॅडमचं काम मीच बगतो.”

आपा म्हणाल्या, “क्यों? मैडम बीमार हैं?”

तो हसला. संडासाचं नाव काढल्यावर तर शेजारच्या माणसाला त्याने डोळा मारला. “दारं लावली की चोरून नेतात. पयले तुमच्या लोकांना सुधरवा.” ‘तुमच्या लोकांना’ म्हणताना त्याने माझ्याकडे नाही, आपांकडे बघितलं.

प्रभाग कार्यालयातला इंजिनियर आणखी वेगळा. तो फाईलवरून मानही वर करायचा नाही. “नगरसेविकेचं पत्र आणा,” एवढंच. पत्रासाठी त्या नवऱ्याकडे आम्ही तीनदा गेलो. तिन्ही वेळा “देतो, देतो.”

चौथ्यांदा आम्ही त्याच्याकडे गेलोच नाही. तो एका लग्नाला गेल्याचं आपांना कळलं होतं. भर दुपारी थेट बंगल्यावर गेलो. दार नगरसेविकेनेच उघडलं. आम्हाला सोफ्यावर बसवलं, सरबत दिलं. बोलायला गोड होती. मी अर्ज काढणार, तेवढ्यात आपा उठल्या.

“मैडम, बाथरूम किधर है?”

तिने दाखवलं. पांढऱ्या टाईल्स, सुगंधी साबण. आपा आत गेल्या आणि दार उघडंच ठेवून म्हणाल्या, “आप यहाँ खड़ी रहो. पल्लू पकड़ के. हमारे यहाँ ऐसे ही होता है.”

 वाटलं, आता हाकलून देईल. ती बाई खांबासारखी उभी राहिली. मग पुढे झाली, भिंतीकडे तोंड केलं आणि भरजरी पदर दोन्ही हातांनी ताणून धरला. आपांनी सावकाश उरकलं, हातपाय धुतले, बाहेर आल्या.

“पत्र द्या,” मी म्हणाले.

“लेटरहेड त्यांच्या कपाटात हाय. चावी त्यांच्यापाशी.”

“साध्या कागदावर द्या.”

मी माझ्या वहीचं पान फाडलं. ती माझ्यापेक्षा जास्त शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. चार ओळी लिहून तिने सही केली आणि कागद माझ्या हातात देताना हळूच म्हणाली, “माझं नाव सांगू नका.”

स्वतःच्या नावाने निवडून यायचं, स्वतःच्या नावाने सही करायची, आणि वर म्हणायचं नाव सांगू नका! माझ्या मनातून ती त्या क्षणी उतरली.

इंजिनियरला पत्रावर नगरसेविकेचा शिक्का हवा होता. मग आम्ही चाळीस बायका त्याच्या दारात ठाण मांडून बसलो. एकीने तिथेच भाजी निवडायला घेतली. कामाला येणाऱ्या माणसांना पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा कुठे त्याने कागदावर ‘आवक’चा शिक्का मारून तो दाखल करून घेतला.

दोन महिन्यांनी दारं लागली, बल्बही लागला. आणि त्याच्या आधी लागला बोर्ड. नवऱ्याचा फोटो पुरुषभर उंचीचा, तिचा कोपऱ्यात तिकिटाएवढा. बायकांच्या संडासाची फीत कापायला तोच आला, दहा कार्यकर्ते घेऊन, आणि टाळ्याही वाजल्या. इतका निर्लज्ज माणूस मी पुन्हा बघितला नाही. ती बाजूच्या खुर्चीत डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. तिने आमच्याकडे एकदाही बघितलं नाही. तिच्या दंडावर बांगड्यांच्या वर काळंनिळं होतं. ते मला दिसलं, आपांनाही दिसलं.

परत येताना मी म्हणाले, “अशा बायकांपेक्षा पुरुष निवडून आलेला बरा.”

आपा भडकल्या. “उसने साइन किया ना? घर में क्या भुगता होगा, सोचा तूने?”

विचार केला होता. तरी मन विरघळलं नाही. पन्नास-साठ घरांत मी तिच्यासाठी शब्द टाकला होता. माझ्या वस्तीतल्या बायकाही मार खात होत्या, आणि तरी त्या ठाण मांडून बसल्या होत्या.

त्या वर्षीच्या ईदला आपांनी शीरखुर्म्याचा डबा भरला आणि बंगल्यावर नेऊन दे म्हणाल्या. मी नाही म्हटलं. त्यांचे गुडघे तेव्हा फार दुखायचे. तरी त्यांनी डबा उचलला, चपला घातल्या आणि स्वतःच निघाल्या.