आईच्या मंगलाष्टकांचा स्पीड

कॅसेट डेकचं झाकण काढलं तेव्हा आतला रबरी पट्टा पट्टा राहिलाच नव्हता. इतकी वर्षं माळ्यावर पडून त्याचं डांबर झालं होतं. मी बोट लावलं. बोटाचं ते नाकाला लागलं, नाकाचं चष्म्याला, आणि चष्म्याचं बायकोनं सकाळीच अंथरलेल्या पांढऱ्या चादरीला. आयुष्यभर मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. मोटर कशी फिरते ते फळ्यावर इतक्या वेळा काढलं की खरी मोटर उघडून बघायची कधी गरजच पडली नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर आईच्या आवाजासाठी. आमच्या नात्यातलं एकही लग्न तिच्या मंगलाष्टकांशिवाय लागलं नाही. नवरा-नवरी, दोन्हीकडचे आईबाप, आज्या, आत्या, सगळ्यांची नावं गुंफून ती स्वतः रचायची आणि असा खडा सूर लावायची की मांडवाबाहेर पान खात उभे असलेले पाहुणेही अक्षता घ्यायला आत पळायचे. ज्यांचं नाव राहून जायचं त्या मावशा वर्षभर फुगून बसायच्या. गेल्या वर्षी आईच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ गेली आणि आवाजही घेऊन गेली. आता तिच्या घशातून नुसती खरखर येते. आणि गंमत बघा, आवाज तिचा गेला, पण घरातले सगळे तिच्याशी ओरडून बोलायला लागले, जसे काही कानच गेलेत. तिला काही विचारणं तर बंदच झालं.

अशात लातूरला माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. भाची फोनवर रडकुंडीला आली. "मामा, आज्जीचा आवाज माझ्या लग्नात पाहिजे म्हणजे पाहिजे!" आईचा आवाज असलेली एकच कॅसेट उरली होती, बहिणीच्याच लग्नात ह्याच डेकवर भरलेली. कुणी म्हणालं, दुकानात द्या, पेनड्राइव्हवर करून देतात. एकुलती एक कॅसेट परक्या हातात देणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं. खरं म्हणजे मला तो डेक स्वतः उघडायचा होता. रिटायर माणसाला उघडायला काहीतरी लागतंच.

पट्ट्याचं माप दोरा गुंडाळून घेतलं आणि नांदेडातल्या जुन्या रेडिओच्या दुकानात गेलो. तिथं आता मोबाईलची कव्हरं लटकतात. दुकानदार चाचा माझ्याच वयाचा, बोलायला माझ्याहून तयार. डेकचं नाव काढल्यावर म्हणाला, "अरे सर, आपके जमाने का माल है, आपके सरीखाच ढीला पड गया. उसकू आराम देव." तरी त्यानं खालच्या खणातून पट्ट्यांचा डबा काढला आणि जुनी मोटर जाम झाली होती म्हणून एक नवी मोटरही माझ्या गळ्यात मारली. घरी येऊन लावली, तर ती उलटी फिरायला लागली. फोन केला. "चाचा, मोटर उलटी फिरतेय."

"तो डेककू उल्टा रखो ना सर!"

मी मात्र शास्त्राचा माणूस. दोन्ही वायरींची अदलाबदल केली की मोटरची दिशा बदलते, हे मी कितीतरी बॅचेसना शिकवलंय. केली अदलाबदल. या मोटरच्या पोटात स्पीड सांभाळणारं सर्किट असतं, ते पुस्तकात नव्हतं. मोटरनं दिशा बदलली नाही, एक बारीक धूर सोडला आणि ती कायमची गप झाली. आई दारात उभी राहून हे बघत होती. तिनं नाकाला पदर लावला आणि ती देवघरात निघून गेली. दुसरी मोटर आणताना मी चाचाला धुराचं काही सांगितलं नाही.

दुसरी मोटर सरळ फिरली. लग्नाच्या आधी डेक टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन, मी आणि आई एसटीनं लातूरला निघालो. सगळा रस्ता आई हातातल्या पिशवीत डोकावून काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, जप करतेय.

बहिणीच्या हॉलमध्ये डेक मांडला. कॅसेट घातली. बटण दाबलं. आतून आई गणपतीला वंदन करू लागली, पण आवाज असा, जसं एखादा म्हातारा पुजारी झोपेत बोलतोय. मोटरच्या मागच्या भोकात स्पीडचा बारका स्क्रू असतो. मी तो जरा फिरवला, तर आई चिमणीसारखी चिवचिवायला लागली. आणि तिथून आमच्या खानदानाचा खरा कार्यक्रम सुरू झाला.

दाजी म्हणाले, "थोडं हळू करा." दाजी म्हणजे बहिणीचे यजमान, मूळचे उदगीरचे, सरकारी ऑफिसातून साहेब म्हणून निवृत्त झालेले. कुठलीही गोष्ट हळू केली की ती बरोबर होते, असा त्यांचा नोकरीतला अनुभव. बहीण म्हणाली, "छे! आईचा आवाज पातळ होता, अजून जोरात फिरवा." मी म्हटलं, विज्ञानानुसार मधलं काहीतरी असणार. दाजींनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातातून घेतला, बहिणीनं त्यांच्या हातातून घेतला. दरवेळी पहिलं कडवं संपायच्या आत भांडण व्हायचं, कॅसेट मागं घ्यायची, परत गणपती. लातूर पॅटर्नच्या ह्या गावात कुठल्याही प्रश्नावर सराव करून करून उत्तर काढायची सवय, त्यामुळे दाजी काही दमेनात. गणपतीला त्या दुपारी जेवढं वंदन झालं तेवढं भाद्रपदातही होत नसेल.

शेवटी दाजींनी मतदान मागितलं. "लोकशाही पद्धतीनं ठरवू. ज्यांना वाटतं आईंचा आवाज एवढाच होता, त्यांनी हात वर करा." शेजारच्या दोन बायका चहाला आल्या होत्या. त्यांनी आईला कधी गाताना ऐकलेलं नव्हतं, पण हात वर केले. आणि ज्या बाईचा तो आवाज, ती समोरच्या सोफ्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती!

मग ठण्ण आवाज आला. आईनं शेंगांची वाटी टीपॉयवर आपटली होती. सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"काळी चार," ती खरखरली.

"काय म्हणालात?" दाजी ओरडले.

"बहिरी न्हाई मी. माझी पट्टी काळी चार. पेटीवर बघा की."

भाचीनं मोबाईलवर पेटी काढली, काळी चार दाबून धरली आणि मी स्क्रू फिरवत गेलो. सूर जुळला आणि हॉलमध्ये आई उभी राहिली, तरणीताठी, खणखणीत. बहीण तोंडाला पदर लावून रडायला लागली. मलाही आवरेना. दाजींनी खिडकीकडं तोंड केलं. कॅसेट पहिल्यांदाच गणपतीच्या पुढं गेली. कुलदैवत झालं, आणि मग तिसऱ्या कडव्यात नवऱ्या मुलाचं नाव आलं, पाठोपाठ नवरीचं.

नाव दाजींचं होतं. नवरी माझी बहीण होती.

मी खटकन कॅसेट थांबवली. भाचीच तेवढी हळूच म्हणाली, "मामा, हे माझ्या लग्नात लावलं तर लग्न मम्मी-पप्पांचंच लागेल ना?"

अरे देवा! मोटर बदलली, पट्टा बदलला, सूर जुळवला, मतदान घेतलं. चार डिग्र्या त्या हॉलमध्ये बसलेल्या, आणि मंगलाष्टकात नावं असतात हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आई मात्र खांदे हलवून हसत होती, आवाज नसल्यामुळे नुसतीच हलत होती. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसली.

"तुला ठाऊक होतं?" मी चिडलो. "मग सांगायचं न्हाई का?"

"इचारलं का कुणी?" ती म्हणाली. "मला वाटलं, जावईबापूंना पुन्हा बोहल्यावर चढायची हौस आली आसंल." आणि पिशवीतून घडी घातलेला कागद काढून तिनं भाचीच्या हातात दिला. नवी मंगलाष्टकं होती, भाचीची, तिच्या नवऱ्याची, अगदी मुलाकडच्या आत्याबाईंच्या नावासकट. एसटीतला तो जप हाच होता. "मीच म्हणणार हाय," आई म्हणाली.

लगेच सगळे तिला समजवायला लागले. आई, घशाला ताण पडेल. आई, मुलाकडची माणसं काय म्हणतील. दाजींनी तर साऊंडवाल्याकडं रेडिमेड मंगलाष्टकं असतात अशी माहिती काढली. आई ऐकत राहिली. मग एवढंच म्हणाली, "आजवर समद्यांची म्हटली. हिची न्हाई म्हटली तर मी कशाला जित्ती ऱ्हायले?" दाजींनी साऊंडवाल्याला नको म्हणून कळवलं.

मंगल कार्यालयात बँडवाल्यांना गप करून तिच्या हातात माइक दिला. डेक मी तिच्या पायाशी ठेवला होता, नवी कॅसेट घालून, रेकॉर्डिंगचं बटण दाबून. सूर लागला नाही. काही ओळी नुसत्या हवेतच गेल्या. मुलाकडचे एक काका कुजबुजले, "माइक खराब हाय वाटतं." पण ती थांबली नाही आणि शेवटच्या कडव्यापर्यंत सगळं कार्यालय कान देऊन ऐकत होतं, कारण कान दिल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं. भाची अंतरपाटाआड हुंदके देत होती.

पाठवणी झाल्यावर आम्ही घरी येऊन ती कॅसेट लावली. खरखर, अडखळ, मध्येच दम लागलेला. दाजींनी भुवया उंचावल्या, स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि डेकच्या मागं वाकले. "स्पीड कमी पडायलाय वाटतं. जरा वाढवतो."

आईनं फटकन त्यांच्या हातावर चापट मारली. जावयाच्या हातावर, आयुष्यात पहिल्यांदा.

"हात लावू नका. बरोबर हाय. मी अशीच हाय आता."