पाचवा हिस्सा

लग्नानंतरचं पहिलं माहेरपण आटोपून मी देवासला निघाले, तेव्हा धारच्या स्टँडवर इंदूरची बस सुरू होऊन थरथरत होती आणि आई माझ्या खिडकीखाली उभी होती. तिने दशम्यांचा डबा वर सरकवला आणि म्हणाली, "हे बघ सुधा, तुला मूल होईपर्यंत मी तुझ्या घरचं पाणीसुद्धा घ्यायची नाही हो. आपली रीतच आहे तशी. मनाला लावून घेऊ नकोस, वर्षभराचा तर प्रश्न!" मी हसले. वर्ष काय, असं निघून जाईल, असं मलाही वाटलं होतं.

बाळू, तू टोरंटोला गेलास, आपली मावसभावंडं पुण्याला आणि बंगलोरला गेली, आणि तुम्ही सगळे मिळून माझी थट्टा करता. धारहून देवास, हे काय स्थलांतर झालं का ताई? सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो! हौ भिया, पोचतो. पण जेवायला कुणी आलं तर पाहिजे ना.

मूल झालं नाही. इलाज केले, नवस केले, मग दोन्हीला कंटाळून सोडून दिले. आईची रीत तेवढी सुटली नाही. दर नवरात्रात ती देवासच्या टेकरीवर देवीच्या दर्शनाला यायची, पायऱ्या उतरून माझ्या घरी टेकायची, आणि माझ्याच ओट्यापाशी बसून स्वतःच्या डब्यातली पोळीभाजी खायची. पाणी आपल्या बाटलीतलं. आमचे हे तिला चिडवायचे, "आई, आमच्या नळाला काय विष येतं का?" ती पदर सावरून म्हणायची, "तुमच्या घरचं अन्न गोडच असणार जावईबापू. आमच्या नशिबात अजून नाही." त्या 'अजून'ची मला इतकी चीड यायची!

मग हे गेले. तेराव्याला घर माणसांनी गच्च भरलं होतं आणि आई कोपऱ्यात बसून आपल्या बाटलीतलं पाणी पीत होती. जावई नाहीत, सासू-सासरे आधीच गेलेले. आता हे घर कुणाचं होतं? घरात उरले होते ती मी, तिचीच मुलगी. त्या दिवशी माझं मन तिच्यावरून उतरलं ते उतरलंच. फोनवर आम्ही हवापाण्याचं बोलायचो.

गेल्या हिवाळ्यात धारच्या शेजारीणबाईंचा फोन आला. "बेटा, माँजी किचन में गिर गईं. होश तो आ गया है, पर तुम आ जाओ." मी पोचले तेव्हा आई खाटेवर बसून त्याच शेजारणीला भाजी निवडायला शिकवत होती. पण नाडी इतकी मंद, की धारच्या डॉक्टरांनी लगेच इंदूरला न्यायला सांगितलं. इंदूरच्या डॉक्टरांनी एका वाक्यात निकाल दिला. पेसमेकर बसवा, नाहीतर अशीच कधीतरी पडेल आणि उठणार नाही.

सत्तरी ओलांडली असती तर मोफत उपचारांचं सरकारी कार्ड निघालं असतं, पण आईला एक वर्ष कमी पडत होतं. म्हातारपणही वेळेवर येत नाही बघ! उरली माझ्या कंपनीची पॉलिसी. मी देवासच्या कारखान्यात अकाउंट्सला आहे, पॉलिसीत आईवडील घालता येतात, तेव्हा आईचं नाव मी कधीचंच घालून ठेवलं होतं. पण ती पॉलिसी म्हणजे आखूड पांघरूण. डोकं झाकावं तर पाय उघडे. खोलीच्या भाड्याला मर्यादा, आणि त्यावरची खोली घेतली तर सगळ्याच बिलाला कात्री. यंत्राला वेगळी मर्यादा. शिवाय आईवडिलांच्या उपचारांत पाचवा हिस्सा आपण भरायचा. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे जुळवणारी मी, हॉस्पिटलच्या बाकावर बसून माझाच आकडा जुळेना. ह्यांच्या आजारपणात माझी बचत धुऊन निघालेली. तुला फोन करायचा तर आईने शपथ घातलेली, "बाळूवर घराचे हप्ते आहेत. खबरदार त्याला कळवलंस तर." त्या बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना माणसं होती, कुणाचा भाऊ, कुणाची सून. मला मात्र कुणाशी 'काय करू' एवढंही बोलता येत नव्हतं. इतकं एकटं मला ह्यांच्या मागेसुद्धा वाटलं नव्हतं.

आणि त्यात आई नाही म्हणाली! पैसे कुठून येणार ते कळल्यावर सरळ चपला शोधायला लागली. "लेकीच्या पगारावरची पॉलिसी? जिच्या घरचं पाणी घेतलं नाही, तिच्या पैशाचं यंत्र छातीत घालून फिरू? चल, धारला चल. जितके दिवस असतील तितके."

माझा तोल सुटला. वॉर्डातल्या सगळ्यांसमोर मी ओरडले, "मला मूल झालं नाही आई! आता होणारही नाही. मग काय रीतीपायी मरणार आहेस तू? आणि मी कुणाकडे बघायचं?" शेजारच्या खाटेवरचे पेशंट मान वळवून बघायला लागले. आई खाली बघत राहिली. तिचे हात पदराशी चाळा करत होते. ती म्हातारी झालेली मला तेव्हा दिसली.

तेवढ्यात विम्याच्या काउंटरवरच्या बाई कागद घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "मॅडम, मंजूरी आ गई, पर पूरा नहीं मिलेगा. पाँचवाँ हिस्सा आपको ही भरना पड़ेगा, पहले से बता रही हूँ." मी कपाळाला हात लावला. आईने मात्र मान वर केली.

"भरना ही पड़ेगा?" तिने विचारलं. "माने फुकट नहीं है?"

"फुकट कहाँ माताजी! आजकल कौन देता है पूरा."

"तो वो हिस्सा मैं भरूँगी. इसका एक पैसा नहीं लगेगा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझं काही तरी पडतंय ना त्यात? मग हरकत नाही. मोड बाबांची ठेव."

ज्या पाचव्या हिश्श्याने माझी झोप उडवली होती, त्यानेच आईला तयार केलं. पॉलिसी भली मोठी, सगळं देणारी असती, तर ती धारला परत गेली असती आणि मी आज हे वेगळ्या सुरात लिहीत असते. तिने सही करून दिली, मी धारला जाऊन बँकेतून, बाबा गेल्यावर तिच्या नावावर आलेली ती ठेव मोडून आणली. त्या पैशावर ती आपल्या तीर्थयात्रा करणार होती. मला वाईट वाटलं, पण मी हो म्हटलं. दुसरं करणार काय होते?

यंत्र बसलं. महिनाभर डावा हात वर उचलायचा नाही, एकटं राहायचं नाही, अशा सूचना मिळाल्या, आणि मी तिला टॅक्सीने देवासला आणलं. रस्ताभर मला एकच धास्ती, ही आता खाणार काय? डबा करून आणायला धारला कुणी नव्हतं. मी वरणभात केला, ताट तिच्यापुढे ठेवलं आणि उगाच गॅस पुसत पाठ करून उभी राहिले. मागून ऐकू आलं, "सेव नाही का गं घरात? नुसता वरणभात कसला खातात!"

छातीत यंत्र घेऊन आलेल्या बाईला सेव हवी होती! माळव्यात जन्म गेलेला, दुसरं काय मागणार. मी डबा शोधायच्या निमित्ताने आतल्या खोलीत गेले आणि पोटभर रडले.

सव्वा महिना राहिली. केसांचा अंबाडा मीच घालून द्यायची, तो तिला कधीच पसंत पडला नाही. मी कामावरून येईपर्यंत ती दाराशी खुर्ची टाकून बसायची, आणि जिना चढताना मला कळायचं की वर कुणीतरी आहे. तेवढ्यावर मी दिवस काढत होते. म्हणून तिने निघायचं काढलं तेव्हा मी अक्षरशः हट्ट केला. इथेच राहा. नाहीतर मी नोकरी सोडून धारला येते. माझं घर तेच आहे.

आईने पिशवीची चेन लावली. "नाही बाई. धारचं घर माझं, माझ्यामागे बाळूचं. तुझं घर हे," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी ह्याला जावयाचं घर धरून चालले. चुकलंच माझं. हे तुझं आहे. म्हणून तर जेवले इथे."

धारच्या शेजारणीचा मुलगा गाडी घेऊन आला होता. त्याच्याबरोबर ती गेली.

बाळू, लग्नानंतर सव्वीस वर्षांनी मला आईने घर दिलं. आता धारला गेले तरी मी पाहुणीच. आणि जे घर मिळालं, त्यात माझी वाट बघणारं कुणी नाही.