गडचिरोली मैदानात मावेना तेव्हा

परवा, महाराष्ट्र दिनाच्या आदल्या दिवशी, आमच्या शाळेच्या मैदानात गडचिरोली मावेना...

शाळा म्हणजे बुलडाणा जिल्ह्यात, वरवट बकालच्या रस्त्यावर आमच्या गावची, जिल्हा परिषदेची. दरवर्षी एक मेला तिथे जमिनीवर राज्याचा नकाशा काढतात आणि पोरं ठरवून दिलेल्या जिल्ह्यात उभी राहतात. झेंडावंदन झालं की एकेका जिल्ह्याचं नाव पुकारायचं, त्या जिल्ह्यानं 'हजर!' म्हणून ओरडायचं, आणि मगच निकाल वाटायचे.

ही पद्धत राज्याइतकीच जुनी. राज्य झालं तेव्हा शाळा दोन खोल्यांची होती. कवायतीच्या सरांनी घरोघरून चुलीची राख गोळा करून पहिला नकाशा काढला, असं माझे वडील सांगत.

मी पाचवीत गेलो तोवर राखेच्या जागी चुन्याची फक्की आली होती, सर मात्र तेच. तेव्हा जिल्हे सव्वीस. मी अंगानं लांबडा म्हणून मला कायम रत्नागिरीच्या शेपटात उभं करायचे, पार गोव्याच्या वेशीवर... वर्गातले पोट्टे चिडवायचे, "काऊन बे, मासे धरून राह्यला काय तिकडं?"

सरांचा हात सुंदर. पण त्यांच्या नकाशात बुलडाणा जिल्हा पुण्याच्या दुप्पट असायचा! मला तेव्हाही ते खुपायचं. एकदा विचारलंच, "सर, आपला जिल्हा एवढा मोठा काऊन?"

सर हसले. म्हणाले, "अबे, सगळ्या पोट्ट्यायले त्यातच उभं राह्याचं असते. ज्याले उभं राह्याचं त्याले जागा नको काय?"

सर गेले आणि नकाशाचं काम माझ्याकडे आलं. माझी शाळा दहावीपर्यंतच. पुढचं जे काही येतं ते मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसून, पुस्तकं आणून, स्वतःच शिकलो. चौकटी पाडून छोट्या नकाशाचा मोठा कसा करायचा, तेही तसंच. खुंट्या ठोकायच्या, सुतळी ताणायची, मगच फक्की.

पहिल्याच वर्षी मी बुलडाणा त्याच्या खऱ्या मापात आणला. गाव चार दिवस नाराज होतं... पण माझ्या नकाशात उत्तर म्हणजे खरी उत्तर, शाळेच्या गेटची बाजू नव्हे. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

तर परवा सुतळी घेऊन गेलो, आणि बघतो तर पूर्वेला कॉम्प्युटरची नवी खोली उभी! माप धरून पाहिलं. खोली बरोबर गडचिरोलीवर बसली होती.

मुख्याध्यापक मॅडम म्हणाल्या, "काका, सगळाच नकाशा थोडा लहान करा ना." तोही आखून पाहिला. मुंबईत एकच पोरगं मावत होतं, तेही एका पायावर...

मग त्या म्हणाल्या, "बरं, विदर्भ जरासा आखडता घ्या. कोणाला कळणार आहे?"

"मॅडम, बुलडाणा जिल्ह्यात उभं राहून विदर्भ आखडू?"

त्या खळखळून हसल्या, पण खोली काही हलली नाही. शेवटी ठरलं की यंदा गडचिरोली वगळायची आणि तिथली पोरं चंद्रपुरात उभी करायची. मीही मान डोलावली. माप तरी बिघडत नव्हतं!

तेवढ्यात मागे घमेलं आदळल्याचा आवाज आला. नववीतली प्रणाली. यंदा गडचिरोलीची ती प्रमुख, आणि आठवडाभर उन्हात तिनं आपल्या पोरींची तयारी करून घेतली होती.

"काका, आमी महाराष्ट्रात नाही काय? आमालेच बाहेर काऊन काढता?"

"अवं पोरी, तिथं भिंत आली न..."

"मंग भिंतीच्या आत उभं राहू! ते खोली काय छत्तीसगडात हाये?"

मी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे. मग त्या गेल्या आणि खोलीची किल्ली घेऊन आल्या.

कॉम्प्युटर अजून यायचे होते, खोली अगदी रिकामी. सुतळी खिडकीतून आत घेतली. बाहेर भिंतीपाशी फक्की थांबली आणि आत फरशीवर खडू सुरू झाला. खडू प्रणालीच्याच हातात दिला. पोरीनं सीमा अशी काढली की मला एकही रेघ पुसावी लागली नाही...

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं. पुकारा नेहमीसारखा मुंबईपासून सुरू झाला. बुलडाण्याचा आवाज दणक्यात झाला. गडचिरोलीचं नाव सगळ्यात शेवटी... माइक मॅडमजवळ, पोरी भिंतीआड. आवाज बाहेर येईल का?

"गडचिरोली!"

आणि मग...

"हजर!!"

रिकामी खोली, वर पत्रे. आवाज असा घुमून बाहेर आला की पार कोकणातली पोरं मागे वळून बघायला लागली. बुलडाण्यातला एक जण म्हणाला, "आपल्यापेक्षा भारी झालं बे हे!" टाळ्या थांबेनात, आणि खिडकीच्या गजांतून प्रणालीचा हात बाहेर हलत होता.

सर, तुमचा बुलडाणा मापात चुकलेलाच होता, हे मी आजही म्हणेन. पण उभं राहायचं म्हणणाऱ्याला जागा कशी करून द्यायची, ते तुम्हाला येत होतं. मला ते यंदा नववीतल्या एका पोरीनं शिकवलं.

छत्तीसच्या छत्तीस हजर आहेत, सर.